उडी आकाशातली, काळजी कमरेची

रत्नागिरी जिल्ह्यातून एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचा धाकटा मुलगा सहा वर्षांपासून शारजात नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर दुबईला जाऊन त्याने विमानातून पॅराशूटची उडी मारली. ती इतकी आवडली, की आता तो एकट्याने उडी मारायला शिकतो आहे. तिसऱ्या उडीत तो बुडावर आपटला. पाच दिवस झाले तरी कंबर दुखते. गोळ्या खाऊन कामावर जातो, आणि शनिवारी पुन्हा उडी आहे. फोनवर त्याने बजावले आहे, "अम्मी, अब्बांना सांगू नकोस." पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "त्याला अडवू, की नुसती दुआ करत बसू?"

मासिक हाती पडेपर्यंत असे दुखणे थांबत नाही. म्हणून त्या भगिनींना आम्ही त्याच दिवशी फोन केला. काय सांगितले ते पुढे येईलच. या महिन्याचे सदर मात्र त्यांच्यासारख्या इतर घरांसाठी आहे. आकाशातून उडी मारणे हा श्रीमंतांचा शौक, आपला काय संबंध, असे म्हणण्याचे दिवस गेले. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी आखातात आहे, आणि तिथली तरुण मुले-मुली सुट्टीच्या दिवशी हे करतात. आपल्याकडेही हरियाणात नारनौलला हौशी लोक उड्या मारतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी तर २००४ साली आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मुलांना "हे काय खूळ" म्हणून भागणार नाही. त्यात कमरेवर काय बेतते आणि ते कसे टाळायचे, हे घरातल्यांनाही माहीत हवे.

उडीत नेमके काय होते

नवखा माणूस दोन प्रकारे उडी मारतो. पहिल्या प्रकारात तो प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधलेला असतो. याला टँडेम म्हणतात. पॅराशूट प्रशिक्षकाच्या पाठीवर असते, उघडतो तोच आणि उतरवतोही तोच. दुसऱ्या प्रकारात शिकाऊ माणसाच्या स्वतःच्या पाठीवर पॅराशूट असते. पहिल्या काही उड्यांत प्रशिक्षक हवेत त्याला धरून असतात, पण छत्री उघडली की तो एकटाच खाली येतो. जमिनीवरून रेडिओवर सूचना मिळत असतात, हाताने करायचे काम मात्र त्यालाच करावे लागते. अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमाने पहिला परवाना मिळायला कमीत कमी २५ उड्या लागतात. म्हणजे हौस एका दिवसाची राहत नाही, कमरेला पंचवीस वेळा परीक्षा द्यावी लागते.

विमान साधारण १२ ते १३ हजार फुटांवर जाते. तिथून उडी घेतल्यावर मिनिटभर माणूस नुसता पडत असतो. वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. पाच हजार फुटांच्या सुमारास छत्री उघडते आणि पुढची पाच-सहा मिनिटे तरंगत खाली यायचे असते. एवढ्या वेळात कमरेवर चार वेळा भार येतो: विमानात अडकून बसताना, हवेत अंग ताणून धरताना, छत्री उघडतानाच्या झटक्याने आणि जमिनीला टेकताना. पहिल्या तिन्हींत बहुतेक वेळा स्नायू दुखतात. चौथ्यात हाड मोडू शकते. हा फरक वाचकांनी मनात पक्का करून ठेवावा. पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

कणा कुठे कच्चा असतो

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची चळत. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ चकती असते. ती गादीसारखी दाबली जाते आणि पुन्हा फुगते. छातीच्या भागातले १२ मणके बरगड्यांनी बांधलेले आहेत, म्हणून तो भाग ताठ. त्याखाली कमरेचे ५ मणके मोकळे, वाकणारे. ताठ भाग जिथे संपतो आणि वाकणारा भाग जिथे सुरू होतो, तो सांधा सगळ्यात नाजूक. बुडावर आपटले की जमिनीचा धक्का सरळ वर चढतो आणि याच ठिकाणी मणक्याची पुढची बाजू दबते. चौकोनी वीट पाचरीसारखी व्हावी तसा मणका होतो. डॉक्टर याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात.

पायांवर उतरले तर असे का होत नाही? घोटा, गुडघा आणि खुबा हे तीन सांधे वाटेत धक्का खातात. बुडावर बसणाऱ्याने हे तिन्ही पहारेकरी आधीच रजेवर पाठवलेले असतात.

विमानातली बैठक

लहान विमानात खुर्च्या क्वचितच असतात. बाकावर किंवा खाली, एकमेकांना खेटून, पाठीवर ओझे घेऊन पंधरा-वीस मिनिटे बसावे लागते. पाठीला बाक येतो, मांडीचे पुढचे स्नायू आखडतात, आणि त्याच आखडलेल्या अंगाने दारातून बाहेर पडायचे असते. उपाय सोपा आहे. बुडाची हाडे जमिनीवर नीट टेकवून बसावे, पाठ थोडी उचलून धरावी. दर दोन-तीन मिनिटांनी कंबर हळूच पुढे-मागे करावी, खांदे गोल फिरवावेत. विमानात चढण्याआधी पाच मिनिटे भराभर चालून, दहा-बारा उठाबशा काढून अंग गरम करावे. आदल्या रात्री तीन तास गाडी चालवून किंवा रात्रपाळी करून थेट मैदानावर जाणाऱ्याची कंबर विमानात बसण्याआधीच थकलेली असते.

हवेतली कमान

हवेत पोट खाली ठेवून स्थिर पडण्यासाठी अंगाची कमान करावी लागते. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बुचाची बाजू खाली करूनच पडते. माणसाच्या अंगात ते बूच म्हणजे ओटीपोट. ते पुढे आले आणि हात-पाय वर मागे राहिले, की अंग आपोआप स्थिर होते.

नवखा माणूस इथे हमखास एक गोष्ट उलटी करतो. भीतीने सगळे अंग लाकडासारखे ताठ करतो आणि कमान फक्त कमरेतून काढतो. मग कमरेचे लहान स्नायू मिनिटभर मुठीसारखे आवळलेले राहतात. त्याच्या जोडीला जमिनीवर पालथे झोपून प्रशिक्षक हीच कमान पन्नास वेळा करून घेतो. दुसऱ्या दिवशी कंबर भरून येते ती बहुधा यानेच.

कमान खुब्यातून यायला हवी. पालथे झोपावे, कुल्ल्याचे स्नायू आवळावेत, ओटीपोट जमिनीत दाबावे, मग छाती आणि गुडघे थोडेसेच उचलावेत. हनुवटी वर, पण मान मागे मोडायची नाही. श्वास चालू राहिला पाहिजे. श्वास कोंडला की समजावे, अंग ताठ झाले. एका वेळी वीस सेकंद पुरेत, मग तेवढीच विश्रांती. ज्याच्या मांडीचे पुढचे स्नायू आखडलेले असतात त्याचा खुबा उघडत नाही, आणि ती कसर कंबर भरून काढते. दिवसभर खुर्चीवर किंवा गाडीत बसून काम करणाऱ्यांचे हे स्नायू आखडलेलेच असतात, हे लक्षात ठेवावे.

छत्री उघडतानाचा झटका

छत्री उघडते तेव्हा काही सेकंदांत वेग ताशी १९० किलोमीटरवरून विसेक किलोमीटरवर येतो. हा बदल एकदम होऊ नये म्हणून दोऱ्यांवर कापडाचा एक चौकोन असतो. तो सावकाश खाली सरकतो आणि छत्रीला हळूहळू फुलू देतो. तरीही अंगाला हिसका बसतो, आणि तो पट्ट्यांमधून मांड्यांना आणि कमरेला पोचतो.

इथे दोन गोष्टी पाहाव्यात. मांडीचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे घट्ट असावेत. एक सैल, एक घट्ट असेल तर हिसका एकाच बाजूला जातो आणि कंबर तिरकी ओढली जाते. लाजून किंवा घाई आहे म्हणून गप्प राहू नये, पट्टा नीट बसला नसेल तर प्रशिक्षकाला पुन्हा बांधायला सांगावे. दुसरी गोष्ट, छत्री उघडत असताना खांदे सरळ आणि नजर समोर ठेवावी. छत्री उघडली का हे पाहायला मान वळवून मागे बघणारे बरेच जण मान आणि पाठ दोन्ही दुखवून घेतात. वर बघायचेच आहे, पण हिसका बसून गेल्यावर.

टेकण्याची घडी

आता खरा मुद्दा. वर आम्ही टँडेम आणि एकट्याची उडी असे दोन प्रकार सांगितले. या दोहोंत जमिनीला टेकण्याची रीत एकमेकांच्या उलट आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

टँडेममध्ये प्रशिक्षक मागे असतो. त्याचे पाय आधी टेकावेत म्हणून पुढच्या माणसाला सांगतात, "पाय वर घ्या." खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वर, पाय पुढे. मग दोघे मिळून उभे राहतात किंवा बुडावर घसरत थांबतात. छत्रीचा ताबा अनुभवी हातात असतो, त्यामुळे हे सहसा हळुवार होते. इथे नवख्याचे काम एकच, सांगितल्यावर पाय खरोखर वर ठेवणे. ज्याच्या पोटात आणि मांडीत तेवढी ताकद नसते त्याचे पाय ऐनवेळी खाली येतात आणि दोघेही अडखळतात. म्हणून आठवडाभर आधी घरी खुर्चीच्या काठावर बसून, दोन्ही हातांनी मांड्या धरून, पाय सरळ उचलून दहा सेकंद धरायचा सराव करावा.

एकट्याच्या उडीत मात्र "पाय वर" ही सवय कमरेची वैरी आहे. मागे कुणी नसते. पाय वर घेतले की जमिनीला पहिले टेकते ते बूड. शिकाऊ माणसाने टेकताना पाय आणि गुडघे एकमेकांना चिकटवावेत, गुडघे किंचित वाकवावेत आणि पावले खाली ठेवावीत. साधारण दहा-बारा फुटांवर, रेडिओवर सूचना येताच, दोन्ही हातांतल्या मुठी एकसारख्या खाली ओढायच्या म्हणजे छत्रीचा वेग मरतो. नजर पायाखाली नको, दूर समोर हवी. खाली बघणाऱ्याला जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि तो एक तर मुठी लवकर ओढतो किंवा पाय आखडून घेतो.

वेग जास्त वाटला, वारा फिरला, काहीही शंका आली, तर उभे राहण्याचा हट्ट सोडून लोळण घ्यावी. आग्र्याला आपल्या लष्कराचे छत्रीधारी जवान तयार होतात. त्यांना विमानात चढण्याआधी जमिनीवर ही लोळण घटवून घ्यावी लागते. तिचा क्रम असा: पावलांचा पुढचा भाग, पोटरीची बाजू, मांडीची बाजू, कुल्ल्याची बाजू, आणि मग तिरकी पाठ. हनुवटी छातीला, कोपरे अंगाला. धक्का एका ठिकाणी न बसता पाच ठिकाणी वाटला जातो. हात मागे टेकवून पडणे थांबवायचे नाही, त्याने मनगट मोडते. मित्रांचे मोबाईल समोर रोखलेले असताना लोळण घेणे तरुणांना कमीपणाचे वाटते. उभ्याने उतरल्याचा फोटो झकास येतो हे खरे, पण मणक्याचा एक्स-रे त्याहून महाग पडतो.

आपल्याकडे कामशेत-पाचगणीला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे हवेत बसूनच उडायचे असते, म्हणून जमीन जवळ आली की आधीच बैठकीतून पुढे सरकून पाय खाली सोडावे लागतात. बसल्या बसल्या उतरणाऱ्याचा कणाच आधी जमिनीला भिडतो.

जमिनीवर परतल्यावर

उतरल्यावर छत्री गोळा करून पाठीवरच्या ओझ्यासकट चालत यायचे असते. मग ती घडी घालायला शिकायचे, आणि त्यासाठी तासभर जमिनीवर ओणवे राहावे लागते. अनेकांची कंबर हवेत नव्हे, इथे दुखते. कमरेत वाकून काम करण्याऐवजी गुडघ्यांवर यावे, गुडघ्यांखाली जाडसर चटई घ्यावी, दर दहा मिनिटांनी उभे राहून दोन पावले चालावे. छत्री दोन्ही हातांत पोटाशी धरावी, एका खांद्यावर लोंबकळू देऊ नये. पाणी पीत राहावे. आखाती उन्हात घाम गेलेले अंग लवकर पेटके धरते. पहिल्या दिवसांत एका दिवशी दोनपेक्षा जास्त उड्यांचा मोह टाळावा, असे आम्हांला वाटते. थकलेल्या पायांनी नीट टेकता येत नाही.

सहा आठवड्यांची तयारी

उडीची तारीख ठरली की तयारीलाही तारीख द्यावी. आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटे. सामानात एक चटई पुरे.

पहिला व्यायाम: उताणे झोपून गुडघे वाकवावेत, पावले जमिनीवर. कुल्ले आवळून कंबर वर उचलावी, पाच मोजावे, खाली. असे बारा वेळा. दुसरा: मूल रांगते तसे हात-गुडघ्यांवर यावे, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा, पाच मोजावे, मग बाजू बदलावी. पाठीवर भरलेला पेला ठेवला आहे असे समजून पाठ हलू द्यायची नाही. तिसरा: कोपरे आणि पायांची बोटे टेकवून अंग फळीसारखे वीस सेकंद धरावे, दर आठवड्याला थोडे वाढवावे. चौथा: एक गुडघा जमिनीवर, दुसरे पाऊल पुढे, आणि खुबा सावकाश पुढे ढकलावा. मांडीच्या पुढच्या भागाला ताण बसेल. तीस सेकंद, दोन्ही बाजू. पाचवा: वीतभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पाय जोडून खाली उडी घ्यावी, गुडघे वाकवून, आवाज न करता. मांजर कसे उतरते ते आठवावे.

ज्यांची चकती पूर्वी सरकली आहे, कण्याचे ऑपरेशन झाले आहे, पायात कळ उतरते किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आहे, त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. गरोदर भगिनींनी हा विचारच नंतरसाठी ठेवावा. मैदानावर तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात जुने दुखणे दडवणे म्हणजे आपल्याच प्रशिक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे आहे.

दुखलेच तर

स्नायूचे दुखणे आणि हाडाचे दुखणे सर्वसाधारण माणसालाही पुष्कळसे ओळखता येते. स्नायूचे दुखणे बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या सकाळी सुरू होते. कण्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना, पसरट, ठणकणारे असते. थोडे हालल्यावर सैल होते आणि रोज थोडे कमी होत जाते. हाडाचे दुखणे आपटल्या क्षणी सुरू होते. कण्याच्या बरोबर मध्ये, एका जागी असते. तिथे बोटाने हलके ठोकले तरी कळ येते. उभे राहताना, शिंकताना, कूस बदलताना चमकते. मोडलेल्या मणक्याने माणूस चालत घरी येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. "चालता येते म्हणजे काही झाले नाही" या समजुतीने पुष्कळांचे नुकसान केले आहे.

जोरात आपटल्यावर कण्यात कळ आली तर उठायची घाई करू नये. जिथे पडलो तिथेच पडून राहावे, हात हलवून मदत बोलवावी. आजूबाजूच्यांनी काखेत हात घालून उभे करू नये, पाणी पाजायला बसवू नये. जाणकार माणसे फळीवर नेईपर्यंत मान-पाठ सरळ राहू द्यावी. मग एक्स-रे, आणि डॉक्टर सांगतील तर पुढची तपासणी.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावर ताबा न राहणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. नसांवर दाब आल्याची ती खूण असते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. सरळ मोठ्या हॉस्पिटलात जावे.

फक्त स्नायू भरले असतील तर पहिले एक-दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर गरम शेक. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहण्याची जुनी रीत सोडावी, त्याने स्नायू आणखी आखडतात. घरातल्या घरात चालावे, जड उचलू नये, झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी. कुशीवर झोपणाऱ्याने ती दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवावी. रुकू आणि सजद्यात कळ येत असेल तर बरे वाटेपर्यंत खुर्चीवर बसून नमाज पढावी. आजाऱ्याला ही सवलत आहेच, हट्टाने दुखणे वाढवण्यात काही मिळत नाही. कंबर चोळून घ्यायची तर हलक्या हाताने, तेही स्नायूच दुखतो आहे याची खात्री असेल तरच. आपटल्यानंतरच्या दुखण्यात हाडवैद्याकडून कंबर "बसवून" घेणे एक्स-रेच्या आधी मुळीच नको.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. दुखणे कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. रक्तदाब, किडनी किंवा पोटात अल्सर असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये. पण गोळी खाऊन उडी मारायची नाही. दुखणे हा पहारेकरी आहे. त्याला झोपवून घराबाहेर पडणाऱ्याने चोराला दोष देऊ नये. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी तर गुंगी येते. त्या खाऊन गाडीही चालवू नये, मग छत्री दूरच.

आता त्या रत्नागिरीच्या भगिनींबद्दल. फोनवर आम्ही त्यांना मुलाला तीन प्रश्न विचारायला सांगितले: दुखणे आपटल्याबरोबर सुरू झाले का? कण्याच्या मधोमध बोट दाबल्यावर कळ येते का? पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीचा त्रास आहे का? पहिल्या दोन्हींचे उत्तर "हो" आले. शनिवारच्या आधी एक्स-रे काढायचा, एवढाच आमचा सल्ला होता. एक्स-रेत एक मणका पुढच्या बाजूने थोडा दबलेला निघाला. नसा शाबूत आहेत. ऑपरेशन लागणार नाही, पट्टा बांधून काही आठवडे जपून राहायचे आहे. त्या मणक्यावर चौथी उडी पडली असती तर काय झाले असते याचा अंदाज करायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

पुन्हा कधी?

मणका दबला असेल तर तारीख फक्त हाडांचे डॉक्टर देतील, आणि ती महिन्यांत मोजावी लागेल. स्नायू भरला असेल तर आमचा साधा दंडक असा. आठवडाभर एकही गोळी न घेता दुखले नाही पाहिजे. वाकून बूट बांधता आले पाहिजेत. वीस मिनिटे जमिनीवर बसून लगेच उठता आले पाहिजे. पायरीवरून उडी घेऊन न दुखता टेकता आले पाहिजे. चारांपैकी एक जरी राहिले, तरी तो आठवडा सोडावा. आकाश कुठे जात नाही.

घरातल्यांसाठीही थोडे. मुलगा किंवा मुलगी अशा गोष्टीत रमली की पहिला शब्द "सोडून दे" असा गेला, तर पुढचे दुखणे आपल्याला कळणार नाही. ते मित्रांना कळेल, किंवा कुणालाच नाही. वडिलांना सांगायचे की नाही हे ज्या त्या घराने ठरवावे, पण डॉक्टर आणि प्रशिक्षक यांच्यापासून दुखणे लपवायचे नाही, एवढे वचन मुलांकडून घ्यावे. "काल उडी कशी झाली?" याच्या जोडीला "टेकताना पाय आधी लागले का?" एवढे विचारता आले तरी मुलाला कळते की घरात समजणारे कुणीतरी आहे.

आणि एक कागदी काम. अनेक आरोग्य विम्यांत साहसी खेळांतली दुखापत वगळलेली असते, कंपनीने काढून दिलेल्या विम्यांतही. परदेशात मणक्याच्या उपचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून करायची वेळ आली तर घरची वर्षांची बचत जाते. म्हणून पहिल्या उडीचे पैसे भरण्याआधी पॉलिसीचा तो बारीक अक्षरांतला भाग वाचावा, समजला नाही तर एजंटाला लेखी विचारावे, आणि उत्तर घरी पाठवून ठेवावे.